टोलेदोला निदान एक रात्र राहाच

स्पेनमधल्या टोलेदो शहराबद्दल इथे कुणीतरी सल्ला दिलाय की माद्रिदहून ट्रेनने अर्ध्या तासात पोचायचं, कॅथीड्रल बघायचं आणि संध्याकाळी परत. अहो, एवढी घाई कशाला! आम्हीही आधी तेच ठरवलं होतं, पण बायकोला मार्झिपान, म्हणजे तिथली बदामाची मिठाई, घ्यायचं होतं म्हणून गल्लीबोळात शिरलो आणि तिथेच अडकलो. 'सांतो तोमे' हे १८५६ पासूनचं दुकान सगळ्यांना माहीत असतं, छानच आहे, पण खरी मजा कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे नन्सच्या मठात. तिथे भिंतीत एक लाकडी फिरतं कपाट असतं, त्यात पैसे ठेवायचे, पलीकडची नन ते फिरवते आणि डबा आपल्यासमोर येतो, चेहरा काही दिसत नाही! बदाम आणि साखर, बास, वरून अंड्याच्या बलकाचा हात फिरवून जरा भाजलेलं. गोव्यात नाताळला काजूचं करतात ना, त्याचाच हा बदामी चुलतभाऊ, फक्त ह्याला भट्टीचा खरपूस वास.

दुसरं म्हणजे दमास्किनादो, पोलादावर सोन्याच्या तारेची नक्षी. एका छोट्या वर्कशॉपमध्ये आजोबा बसले होते, पोलादावर बारीक बारीक चरे पाडलेले, त्यात केसाएवढी तार बोटाने दाबत जायची आणि वरून हलक्या हाताने ठोकायची, टिक टिक टिक. नंतर पोलाद काळं करतात, सोनं तसंच राहतं. बाहेर स्वस्तात मिळतं ते बरंचसं मशीनचं, त्यामुळे घेण्याआधी विचारा. आम्ही न विचारता कानातले घेतले, काय बोलणार.