जंतांविरुद्धची प्रतिकारशक्ती: पीएचडीसाठी हा विषय घ्यावा का?

प्रश्न

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी पीएचडीसाठी विषय शोधत आहे. आतड्यातील परजीवी कृमींना शरीर कसे तोंड देते, याकडे माझा ओढा आहे. परंतु निधी आणि नोकऱ्या अधिक असल्याने विषाणू किंवा कर्करोगाकडे वळावे, असा सहाध्यायांचा आग्रह आहे. मातीतून पसरणाऱ्या कृमींचा संसर्ग जगात सुमारे १५० कोटी लोकांना असताना या क्षेत्रात माणसे इतकी कमी का, हे मला उमगत नाही. इथे प्रत्यक्ष काम कसे चालते आणि कृमींच्या साह्याने अ‍ॅलर्जी किंवा आतड्याचा दाह बरा करण्याच्या कल्पनेवर विसंबून विषय निवडणे शहाणपणाचे ठरेल का, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

माणसे कमी असण्याचे एक साधे कारण म्हणजे यांतील बहुतेक कृमी प्रयोगशाळेतील बशीत अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंत वाढवता येत नाहीत. त्यांचे जीवनचक्र जिवंत प्राण्यांतच चालू ठेवावे लागते आणि ते एकदा तुटले की सारे काम थांबते. निप्पोस्ट्राँगिलस या उंदीरवर्गीय प्राण्यांतील कृमीचेच पाहा: संसर्ग झालेल्या उंदरांच्या लेंड्या कोळशाच्या भुकटीत कालवून ओलसर गाळणकागदावर ठेवतात, आठवडाभरात अळ्या कागदाच्या कडेला येऊन वळवळू लागतात, आणि मग कोमट पाण्याच्या नरसाळ्यातून त्या वेगळ्या कराव्या लागतात. नव्या विद्यार्थ्याला हे काम कमी प्रतीचे वाटते, पण ज्याला हे चक्र सांभाळता येते, त्याच्यावाचून अशा प्रयोगशाळेचे पान हलत नाही.

विषय निवडण्यापेक्षा कृमी निवडणे महत्त्वाचे, असे माझे स्पष्ट मत आहे. निप्पोस्ट्राँगिलस त्वचेतून फुप्फुसात आणि तिथून आतड्यात जातो व साधारण दहा दिवसांत बाहेर फेकला जातो. म्हणून शरीर कृमी घालवते कसे, या प्रश्नासाठी तो योग्य. हेलिग्मोसोमॉइडीस मात्र अनेक जातींच्या उंदरांत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून कृमी शरीराला गप्प कसे बसवतात हे त्याच्याकडून शिकावे. ट्रायक्युरिस म्युरिस या उंदरांतील आणखी एका कृमीची तर गंमतच आहे: त्याच जातीच्या उंदराला सुमारे २०० अंडी पाजली तर तो कृमी घालवून देतो, आणि २०च्या आसपास पाजली तर संसर्ग दीर्घकाळ राहतो, कारण जास्त अंडी पाजली की टी पेशींचा (संसर्गाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा) प्रतिसाद कृमी घालवणाऱ्या ‘दुसऱ्या प्रकारा’कडे झुकतो आणि कमी पाजली की ‘पहिल्या प्रकारा’कडे.

या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिसादातच विषयाचा खरा रस आहे. आतड्याच्या अस्तरातील टफ्ट पेशी कशासाठी आहेत, हे अनेक दशके कोडेच होते. त्या कृमींची चाहूल घेऊन आयएल-२५ हे पेशींना संदेश देणारे प्रथिन सोडतात, त्यामुळे दुसऱ्या गटाच्या जन्मजात लसीकापेशी (संसर्गाची आधी ओळख नसतानाही कामाला लागणाऱ्या पांढऱ्या पेशी) आयएल-१३ हे आणखी एक संदेशक प्रथिन तयार करतात, आणि मग श्लेष्म वाढून आतड्याचे आकुंचन जोर धरते, हे २०१६ मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे दाखवले. त्या लसीकापेशींची ओळखही २०१०च्या सुमारासच पटली आणि त्यातही कृमींवरील प्रयोगांचा मोठा वाटा होता. अ‍ॅलर्जी आणि दमा यांतही हेच रेणू काम करतात, त्यामुळे या क्षेत्रात शिकलेल्याला पुढे दारे बंद होतात, हे सहाध्यायांचे म्हणणे मला पटत नाही.

उत्तर २

उपचाराच्या आशेवर विषय घेऊ नये. क्रोन आजाराच्या (आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या) रुग्णांना डुकरातील ट्रायक्युरिसची अंडी पाजून घेतलेल्या मोठ्या चाचण्यांत ती प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली मात्रेपेक्षा) सरस ठरली नाहीत. जिवंत कृमीऐवजी त्याने सोडलेले रेणू तपासणे मला अधिक फलदायी वाटते. हेलिग्मोसोमॉइडीसचे एक प्रथिन धोक्याची सूचना देणाऱ्या आयएल-३३ला पकडून ठेवते. दुसरे प्रथिन आपल्या टीजीएफ-बीटा या प्रतिकाराला आवर घालणाऱ्या संदेशक प्रथिनाच्या घडणीशी कोणतेही साम्य नसताना त्याच्याच ग्राहींवर (पेशीवरील संदेश घेणाऱ्या रेणूंवर) बसून नियामक, म्हणजे प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या, टी पेशी वाढवते. लसीचा प्रश्नही खुला आहे, कारण माणसातील कोणत्याही कृमीविरुद्ध परवाना मिळालेली लस अजून नाही, जरी गुरांच्या फुप्फुसकृमीविरुद्ध किरणोत्साराने दुबळ्या केलेल्या अळ्यांची लस १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे.

माणसांवर काम करायचे असल्यास अंकुशकृमीच्या नियंत्रित संसर्गाचे अभ्यास पाहावेत. हा कृमी माणसाच्या शरीरात संख्येने वाढत नाही आणि औषधाने काढता येतो, म्हणूनच स्वयंसेवकांवर असे अभ्यास करणे शक्य होते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मार्गदर्शकाशी बोलण्यापूर्वी एखादे तंत्र शिकून घ्यायचे झाल्यास कोणते शिकावे?

उत्तर १

फ्लो सायटोमेट्री (लेसरच्या साह्याने पेशी एकेक करून मोजण्याचे आणि ओळखण्याचे तंत्र), आणि तीही आतड्याच्या ऊतीवर. प्लीहेतील पेशी कोणालाही सहज वेगळ्या करता येतात, पण संसर्ग झालेल्या लहान आतड्यात श्लेष्म इतका साचलेला असतो की विकरांनी ऊती सोडवेपर्यंत निम्म्याहून अधिक पेशी मरून जाऊ शकतात. मार्गदर्शकाला भेटाल तेव्हा हेलिग्मोसोमॉइडीसच्या संसर्गानंतर त्यांच्या प्रयोगशाळेत आतड्यातील किती टक्के पेशी जिवंत मिळतात, हे अवश्य विचारावे.