स्टार वॉर्सचे लेगो यान: एवढी किंमत मोजावी का? आपले अनुभव लिहा

दहावीनंतर भाच्याला लेगोच्या जोडायच्या प्लास्टिक ठोकळ्यांचे मिलेनियम फाल्कन, म्हणजे स्टार वॉर्स चित्रपटांतील प्रसिद्ध यान, घेऊन देण्याचे मी कबूल केले आहे. शोधायला बसल्यावर दिसले की एकाच यानाचे लहानमोठे अनेक सेट निघालेले असून त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सातारा-सांगलीकडील ज्यांनी असे सेट घेतले किंवा विचारपूर्वक टाळले, त्यांनी किंमत रास्त आहे की नाही हे कशावरून ठरवले, ते सविस्तर लिहावे ही विनंती.

शाहूपुरी, सातारा

बहुतेक जण किमतीला भागांच्या संख्येने भागतात. 2017 चे मोठे फाल्कन 7541 भागांचे असून अमेरिकेत ते सुमारे 800 डॉलरला आले. 2019 चे 1351 भागांचे 160 डॉलरला आणि 2024 चे 921 भागांचे 85 डॉलरला आले. हिशोब केला तर एक भाग अनुक्रमे साधारण साडेदहा, बारा आणि सव्वानऊ सेंटला पडतो, म्हणजे सर्वांत लहान यान सर्वांत स्वस्त ठरते. मात्र त्या लहान यानात एकही बाहुली नाही आणि आत काही रचनाही नाही. ते केवळ कपाटावर ठेवण्यासाठी आहे. 2019 च्या यानात सात बाहुल्या आहेत, वरचे पत्रे उघडतात आणि मुलांना आत हात घालून खेळता येते, म्हणून माझ्या मते बारा सेंटचा भागच मुलासाठी अधिक किफायतशीर आहे. शिवाय यानाच्या पाठीवरील खडबडीत नक्षी नखाएवढ्या तुकड्यांची असते, त्यामुळे भागांचा आकडा फुगतो. मी आकड्याबरोबर खोक्याचे वजनही पाहतो.

अमेरिकेतील किमतीला रुपयांनी गुणून दुकानदाराला लुटारू ठरवणे मात्र योग्य नाही. खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के.

विश्रामबाग, सांगली

आमच्याकडे 474 भागांचे एक्स-विंग, म्हणजे स्टार वॉर्समधील लढाऊ यान, आहे. किंमत ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता. त्यात बटण दाबले की चारही पंख फाकतात, आणि मुलगा गोष्ट सांगता सांगता ते बटण इतक्या वेळा दाबतो की त्या एका करामतीसाठीच पैसे दिले असे मला वाटते. यान मोडून त्याच ठोकळ्यांतून त्याने मळणी यंत्र केले, तेव्हा वैमानिकाला शिरस्त्राणासह त्यावर बसवले. मुलाला मोडू द्यायचे नसेल, तर एवढे महागाचे खेळणे घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टिकरांकडेही लक्ष द्यावे. ठोकळ्यावर छापलेली नक्षी टिकते; स्टिकर चिमट्याने धरून, कडेला कड जुळवून लावावा लागतो, आणि यान मोडून पुन्हा दुसरेच काही करायचे म्हटले की तो ठोकळा सगळीकडे विजोड दिसतो.

मिरज

ठोकळ्यांचे मूळ पेटंट 1958 चे होते आणि त्याची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे इतर कंपन्यांनी तसेच जुळणारे ठोकळे बनवण्यात गैर काही नाही. यानाचे रूप आणि पात्रे यांचे हक्क मात्र वेगळे असतात, आणि लेगोने परवाना घेऊन काढलेले स्टार वॉर्सचे सेट 1999 मध्ये बाजारात आल्यापासून ग्राहक त्या हक्कांचेही पैसे देत आला आहे. नातवाला चित्रपट ठाऊकच नव्हता, म्हणून मी परवाना नसलेले साधे ठोकळे घेतले. घेताना एकच पाहिले: दोन ठोकळे जोडून उचलल्यावर ते सुटता कामा नयेत आणि सोडवताना दातांची गरज पडता कामा नये.

गावभाग, सांगली

उत्पादन थांबले की सेटचा भाव वाढतो, म्हणून काही जण खोके न उघडता ठेवतात. काही सेटांच्या बाबतीत तसे होतेही. परंतु 10179 क्रमांकाचे जुने मोठे फाल्कन दुर्मीळ होऊन महागले, त्यानंतर 2017 मध्ये कंपनीने त्याहून मोठे यान नव्याने काढले, म्हणजे दुर्मीळपणा कायम राहीलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे. आमच्या भागाला तर आणखी एक विचार करावा लागतो. 2019 च्या महापुरात कृष्णेचे पाणी घरात शिरले तेव्हा सुटे ठोकळे साबणाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरात आले. खोके, पुस्तिका आणि न लावलेले स्टिकर यांचा लगदा झाला. न उघडलेल्या सेटचा भाव खोक्याच्या कोऱ्या कडांवर ठरतो, त्यामुळे नदीकाठी राहणाऱ्याने गुंतवणूक म्हणून यान घेण्यापेक्षा बँकेत ठेव ठेवावी.

सदर बझार, सातारा

मोठे यान आमच्या घरी आहे आणि जोडण्याचा आनंद पुरेपूर मिळाला. आत तुळयांसारख्या पट्ट्यांचा सांगाडा उभा राहतो आणि त्यावर एकेक पत्रा चढतो; ते पाहताना अभियांत्रिकीच्या प्राध्यापकालाही हेवा वाटेल. परंतु त्याची लांबी सुमारे 84 सेंटिमीटर आणि रुंदी 56 सेंटिमीटर आहे. ते आमच्या शोकेसमध्ये मावले नाही, आणि उघड्यावर ठेवल्यास धूळ त्या बारीक नक्षीत अशी बसते की रंगाच्या ब्रशाशिवाय निघत नाही. शेवटी काचेची पेटी करून घ्यावी लागली, तेव्हा तो खर्चही किमतीतच धरावा. भाच्यासाठी मोठे यान घेणार असाल, तर त्याच्या खोलीत तेवढी जागा आहे का, हे आधी ताईंना विचारा.