'पायोनियर'चा संपादक सिनेट : फसला, की प्रामाणिक राहिला?

गिरगावकर
आल्फ्रेड पर्सी सिनेट अलाहाबादच्या 'पायोनियर'चा संपादक, सरकारदरबारी वजन असलेला इंग्रज. थिऑसफी या गूढवादी चळवळीच्या एक संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की १८७९ साली मुंबईत उतरल्या, आमच्या गिरगावात राहिल्या आणि वर्षअखेरीस त्याच्या घरी पाहुण्या गेल्या. तिथून तो थिऑसफीत ओढला गेला.

ऑक्टोबर १८८०, सिमल्यातली सहल. कपबश्या सहाच बांधलेल्या आणि ऐनवेळी सातवा माणूस आला. बाईंनी जागा दाखवली, सुरीने माती उकरली, तर मुळांच्या जाळ्यात त्याच नक्षीची कपबशी! त्याचं मला काही वाटत नाही, कपबशी आधी पुरून ठेवता येते.

मला छळतं ते वेगळंच. त्याच सुमारास सिनेटने अदृश्य महात्म्यांना, म्हणजे पत्रांतून बोलणाऱ्या बाईंच्या गुरूंना, कसोटी सुचवली होती: लंडनच्या 'टाइम्स'चा अंक निघाल्या दिवशीच सिमल्यात दाखवा. बोटीने अंक यायला आठवडे लागायचे, तारेने चार ओळी यायच्या. इतकी पक्की कसोटी! महात्मा कूट हूमींचं उत्तर आलं, संशयवाद्यांची तोंडं त्याने बंद होतील, नेमकं म्हणूनच ते करता येणार नाही. सिनेटने ते मान्य केलं. माझ्या लेखी त्यातला पत्रकार तिथेच संपला.

जुनी पानं
दादा, हे पटलं नाही. तो नकार त्याने लपवला का? उलट १८८१ च्या 'द ऑकल्ट वर्ल्ड'मध्ये स्वतःच छापला. आपल्याच बाजूला अडचणीचं ठरणारं पत्र वाचकांसमोर ठेवायला हिंमत लागते. या नादापायी मालकांची मर्जी गेली, १८८३ साली खुर्ची सोडून तो इंग्लंडला परतला. पदरचं घालवून कोण ढोंग करतं?

गिरगावकर
ढोंगी म्हणतच नाही मी, ताई. पण किडल प्रकरण घ्या. त्याच पुस्तकातल्या महात्म्याच्या पत्रात अमेरिकेच्या हेन्री किडल यांना स्वतःच्या भाषणातली वाक्यं सापडली. खुलासा आला की महात्म्याच्या मनातला मजकूर कागदावर उतरवताना शिष्याची गफलत झाली. हाताखालच्या बातमीदाराने असं सांगितलं असतं, तर सिनेटने ऐकून घेतलं असतं?

जुनी पानं
नसतं घेतलं. किडलचं उत्तर माझ्याकडेही नाही. तरी एक सांगते, १९२१ साली मरेपर्यंत सिनेटने महात्म्यांची पत्रं जपली. जाळली असती तर फसवणुकीचा पुरावाच उरला नसता. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत, अक्षर कुणाचं यावर अजून वाद चालतो, आणि तो चालू शकतो तो त्याच्यामुळेच.