नोंदी एकत्र आल्या, पण त्या वाचणार कोण?

मेंदूच्या दुखापतीनंतर सर्व उपचारकांच्या नोंदी एकाच ॲपवर आल्या की संघाचे काम आपोआप सुधारेल, हे मत मला अर्धेच पटते. रुग्ण किती शुद्धीवर आहे हे मोजणाऱ्या आणि १९७४ पासून वापरात असलेल्या ग्लासगो कोमा स्केलचे ३ ते १५ गुण अतिदक्षता विभागात सर्वांना एकाच अर्थाने कळतात. घरी परतल्यानंतरच्या अडचणी मात्र अशा सहज मोजता येत नाहीत. वाचा-उपचारतज्ज्ञ लिहितात की १० मिनिटांच्या संभाषणानंतर शब्द अडू लागले, व्यवसायोपचारतज्ज्ञ (रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी मदत करणारे) लिहितात की दुपारी शेगडी चालूच राहिली, आणि या दोन्हींमागे एकच थकवा असू शकतो हे दोन्ही नोंदी शेजारी ठेवून कोणी वाचल्याखेरीज ध्यानात येत नाही. म्हणूनच ही जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर सोपवणे मला ॲपच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचे वाटते. रुग्णासाठी स्मरणसूचना खरोखर उपयोगी पडतात, पण एका वेळी एकच. पडद्याच्या प्रकाशाने डोके दुखत असेल तर आवाजी सूचनाच बरी. आपल्यातील उणीव रुग्णाला स्वतःला जाणवत नाही असेही अनेकदा घडते, त्यामुळे घरच्यांना नोंदी वाचण्याचीच नव्हे, लिहिण्याचीही मुभा असावी. मात्र त्यांनी काय लिहिले आहे, हे रुग्णाला ठाऊक असलेच पाहिजे.