‘पायदेइया’ला मराठीत काय म्हणावं?

धूळपाटी: वाचनगटासाठी प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधला गुहेचा दृष्टान्त (साखळदंडांनी जखडलेले लोक भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानतात तो) मराठीत करतेय. पहिल्याच वाक्यात ‘पायदेइया’ हा ग्रीक शब्द आला, म्हणजे माणूस घडवणारं शिक्षण, आणि अडकले. शेजारी हिंदी अनुवाद होता, त्या ओघात ‘शिक्षा’ लिहून गेले. आई म्हणाली, “अगं, साखळदंड आहेत की आधीच, आणखी कसली शिक्षा?” ‘शिक्षण’ म्हटलं की दहावी न् फी आठवते. इथे प्लेटोच्या भावी राज्यकर्त्यांची २० व्या वर्षी निवड, ३० नंतर ५ वर्षं डायलेक्टिक (प्रश्नोत्तरांतून सत्याचा शोध), मग १५ वर्षं परत गुहेत उतरून कारभार. पन्नाशी गाठते!

अनुस्वार: संस्कार. झालं.

धूळपाटी: त्यात मुंज बसते, भूमिती कुठे बसवू?

तिरकस_रेघ: ‘विनय’ घ्या. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं पहिलं अधिकरणच ‘विनयाधिकारिक’, राजा घडवण्याचं. रघुवंशातला दिलीप राजाही ‘प्रजानां विनयाधानात्’, म्हणजे प्रजेला घडवतो म्हणून, तिचा पिता ठरतो. नेमका शब्द पडून आहे.

मिरगाचा_पाऊस: पडून आहे कारण कोणी उचलत नाही. ‘राज्यकर्त्यांचा विनय’ वाचून लोक हसतील. आमची आजी म्हणायची, “पोराला वळण नाही.” वळण लिहा. प्लेटोही पुढे तेच म्हणतो ना? आंधळ्या डोळ्यांत दृष्टी घालता येत नाही; दृष्टी असतेच, तोंड भलतीकडे असतं, म्हणून अख्खा जीवच फिरवायचा.

तिरकस_रेघ: ते वळवणं. वळण ‘लावतात’ ते बाहेरून, कित्ता गिरवून घेतल्यासारखं.

धूळपाटी: कित्ता प्लेटोच्याच ‘प्रोटागोरस’ या संवादात आहे! पंतोजी पुसट रेघा ओढून देतात, मुलं त्यावरून गिरवतात. नगरही तसेच कायदे आखून देतं. पण ते प्रोटागोरसच्या तोंडी, सॉक्रेटिसच्या नव्हे. ‘वळण’मध्ये दोघंही बसतात, हीच पंचाईत.

लालमाती: तालीम! प्लेटोची अकादमी अथेन्सच्या वेशीबाहेरच्या तालमीपाशीच होती. नाटकाची तालीम, कुस्तीची तालीम. त्याचं संगीत आणि व्यायाम दोन्ही आले.

तिरकस_रेघ: अरबी.

लालमाती: वस्ताद फारसी, कुस्ती फारसी. लंगोट घेऊन जाऊ कुठे?

अनुस्वार: आमच्या कोल्हापुरात तालीम म्हटलं की आधी फुटबॉल.

लालमाती: पाटाकडील तालीम!

धूळपाटी: अहो, माझं वाक्य...

मिरगाचा_पाऊस: एक शंका. ‘तालमीत’ बरोबर की ‘तालिमीत’? माझ्या शाळेत दुसऱ्याला गुण मिळायचे.