मदत हवी आहे: प्रसूतिगृहात फुकट मिळालेल्या पावडरीच्या डब्याची तक्रार कुठे करू?

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीची इथे इंदूरला एका खाजगी प्रसूतिगृहात डिलिव्हरी झाली. तिसऱ्या दिवशी घरी सोडताना बाळाच्या दूध पावडरीचा छोटा डबा आणि पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन हातात दिलं. "दूध पुरणार नाही, असू दे जवळ," असं वर सांगितलं. पोर आधीच घाबरलेली, रडवेली. तिच्या मनात तेच बसलंय.

घरी येऊन मी आयएमएस कायदा (बाळाची दूध पावडर, दुधाच्या बाटल्या आणि बाळाचं खाद्य यांच्या विक्री-प्रचारावर बंधनं घालणारा कायदा) वाचला. १९९२ चा, २००३ मध्ये अजून कडक केलेला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या अशा कुठल्याही खाद्याची जाहिरात नाही, फुकट नमुने नाहीत, सवलत किंवा भेटवस्तू नाही. डॉक्टर-नर्सना कंपनीकडून काही घेता येत नाही. डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटोसुद्धा चालत नाही! इतकं स्पष्ट असताना हे होतं कसं?

वैद्यकीय गरज असेल तर पावडर द्यावीच लागते, त्याला माझा विरोध नाही. पण इथे बाळ व्यवस्थित ओढत होतं.

डबा आणि कूपन जपून ठेवलंय. तक्रार सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य आरोग्य अधिकारी) ऑफिसात द्यायची की अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे? की सरळ बीपीएनआयला (स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारी संस्था) लिहू? कायद्याखाली तक्रार करायचा अधिकार त्यांना सरकारनेच दिलाय. इंदूरमध्ये कोणी अशी तक्रार केली असेल तर अर्ज कसा लिहिला, सांगाल का? शिवाय भाचीसाठी घरी येऊन स्तनपानाबद्दल नीट समजावणारं कोणी माहीत असेल तर कृपया आजच कळवा.