मदत हवी आहे: बायकोच्या व्हिसावर 'नो रिकोर्स', चाइल्ड बेनिफिट कोणी क्लेम करायचा?

नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो, मी ब्रिटिश सिटिझन, बायको पुण्याहून दीड वर्षापूर्वी स्पाउस व्हिसावर आली, तिच्या ईव्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' आहे, म्हणजे तिला सरकारी भत्ते घेता येत नाहीत. दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली, ती जन्मानेच ब्रिटिश. चाइल्ड बेनिफिट म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, आठवड्याला पंचवीस पौंडांच्या वर, म्हणजे डायपरचा खर्च तरी निघतो हो.

आता फॉर्म भरायला बसलो तर ऑफिसातला एकजण म्हणाला बायकोचं नाव नको घालूस, व्हिसाच्या एक्स्टेन्शनला लफडं होईल. बायको तेव्हापासून घाबरलीय, फॉर्म फ्रिजवर मॅग्नेट लावून तसाच. मी वाचलं त्यानुसार क्लेम माझ्या नावाने केला तर चालतं, तिने स्वतः करायचा नाही. पण फॉर्मवर पार्टनरची माहिती मागतात, ती खरीच द्यायची ना? लपवायचं तर अजिबात नाहीये मला.

मागचे पैसे फक्त तीन महिन्यांचेच मिळतात, त्यामुळे घाई आहे. आणि पगार साठ हजाराच्या आत आहे, त्यामुळे जास्त पगार असला की हा भत्ता टॅक्समधून परत द्यावा लागतो, तो प्रश्न नाही. युनिव्हर्सल क्रेडिटचं (कमी उत्पन्नासाठीचा वेगळा सरकारी भत्ता) विचारत नाहीये, फक्त हे.

स्पाउस व्हिसा असताना कोणी असा क्लेम केलाय का आणि नंतर एक्स्टेन्शनला काही विचारलं का? ऐकीव नको, स्वतःचा अनुभव सांगा प्लीज.